बांगडीचं माप

"लोखंडाचा वास येतोय रसाला," अण्णाप्पा शेजारच्या गुंडूच्या कानाशी पुटपुटला.

रस अजून निघायचा होता. बैल जुंपलेसुद्धा नव्हते.

गैबीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तो कोल्हापुरात गाड्यांचे आस आणि मोटेची चाकं दुरुस्त करायचा. आठ महिने खपून त्याने हा उसाचा लोखंडी घाणा बनवला होता आणि पंचगंगेकाठच्या अण्णाप्पाच्या गुऱ्हाळावर आणून उभा केला होता. सकाळपासून पन्नासेक माणूस जमलं होतं. एकानेही त्याला पाणी विचारलं नव्हतं. उलट रात्रीतून कुणीतरी ऊस पिळणाऱ्या लाटांमध्ये शेणाचा गोळा कोंबून गेलं होतं. गैबीने तो मुकाट्याने काढला आणि लाटा चुन्याच्या पाण्याने तीनदा धुतल्या.

रस सव्वापट निघेल, असं गैबी म्हणाला, म्हणून अण्णाप्पाने होकार दिला होता. महाराजांनी वसवलेल्या नव्या पेठेत गुळाला गिऱ्हाईक वाढत होतं. पण आता गावाची तोंडं बघून त्याचा पाय मागे सरत होता. शेजारीच जुना लाकडी घाणा उभा होता. घाण्याला ऊस लावायचं काम पहिल्यापासून केरबाच्या घराकडे. गेल्या साली त्याच घाण्याने उसाबरोबर केरबाच्या उजव्या हाताची चार बोटं ओढून घेतली. यंदा केरबाच्या जागी त्याची बायको बसायची होती. तानाबाई पदर खोचून तयार होती आणि सारखे तळहात लुगड्याला पुसत होती.

"काय पावणं," गुंडूने विचारलं, "ह्या घाण्याला तोंडावर पत्रा मारलाय आन् पत्र्याला भोकं. उंदरं पाळायची हायत व्हय?"

लोक हसले.

"एका भोकातनं एक ऊस जातोय," गैबी म्हणाला. "हात जात न्हाय. लाटा वीतभर आत हायत. बोटं आत गेली तरी पोचत न्हाईत."

"कुणाचा हात?"

"तानाबाईंचा. माझी आई लालबी तुमच्या गावात तीस वर्सं बांगड्या भरती. तिला इचारलं. तानाबाईंच्या बांगडीपरास भोक सूतभर बारीक ठेवलंय."

"आयला, दुसऱ्याच्या बायकूच्या बांगडीचं माप घिऊन घाणा करतोय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसण्याचा सूर बदलला. दोघं-चौघं पुढे सरकले. एकाच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. तो उसासाठीच होता, पण ऊस दुसऱ्या बाजूला होता.

तानाबाई उठली. कुणाला न विचारता लोखंडी घाण्यापाशी गेली आणि तिने हात भोकात घातला. बोटं गेली. पंजा अडला. तिने जोर लावला, तसा काचेच्या बांगड्या पत्र्यावर किणकिणल्या. हात बाहेर काढून तिने तो उलटसुलट करून बघितला. तिच्या मापाची एवढी मोठी वस्तू कुणी पहिल्यांदाच बनवली होती.

"ह्याला लावतो मी ऊस," ती म्हणाली.

आता हसायला कुणाला जमेना. मग अण्णाप्पाने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि जे काल रात्रीपासून जुळवलं होतं ते बोलला.

"हात वाचतील, मी न्हाय म्हणत न्हाय. पर हंगामाची पयली ढेप देवीची असती. लोखंडातनं निघालेला, कुणाकुणाच्या हातचा रस देवीला चालायचा न्हाय. बाटलेल्या गुळाला परसाद म्हणत न्हाईत."

गावाने श्वास सोडला. कारण सापडलं होतं, आणि तेही देवीचं.

"बराबर हाय," गुंडू म्हणाला. "गेल्या सालाची पयली ढेप आठवा की. काय ती..."

आणि तो तिथेच थांबला. कुणीतरी खोकलं. कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागलं. त्या ढेपेचं नाव निघालं, की वर्षभर गावात असंच व्हायचं.

"बैल लाकडी घाण्याला जुंपा," अण्णाप्पा घाईने म्हणाला. "तानाबाई, बस हिकडं. आन् पावणं, तुमचं लोखांड गाडीत घाला."

तानाबाईने नवऱ्याकडे बघितलं. उसाच्या ढिगाला टेकून केरबा सकाळपासून बसला होता. तो हल्ली बोलायचा नाही. गूळ खायचा नाही, गुळाची पोळीसुद्धा नाही. हाताच्या दुःखाने तोंडाची चव गेली असेल, असं लोक म्हणायचे. तो उठला आणि बैलांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"अण्णाप्पा, माझा हात गेला तवा काईलीत पयल्याच आदणाचा रस पडत हुता न्हवं?"

"व्हय की."

"मला गाडीत घालून दवाखान्यात धाडलंसा. मागनं बोटं कुणाला घावली?"

केरबा एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला.

"मग काईलीतला रस वतून टाकलासा?"

अण्णाप्पाने मान खाली घातली. वर्षभरात त्यानेही गुळाचा खडा तोंडात टाकला नव्हता, हे फक्त त्याच्या घरात माहीत होतं.

"पयलं आदण वतलं तर साल वाईट जातंय, केरबा," तो अगदी हळू म्हणाला.

केरबाने थोटा हात वर केला. लोकांना दाखवायला नव्हे, बैल मागे सारायला.

"परसाद म्हणून गावानं माझी बोटं खाल्ली, अण्णाप्पा. मलाबी खाटंवर आणून दिलासा, मीबी खाल्ली. आता लोखंडानं काय बाटायचं ऱ्हायलंय?"