देवाचा दुसरा कौल

"अजून जोरात! मनातलं हातात येऊ द्या!" वैष्णवी मॅडम ओरडल्या आणि भवानी पेठेतल्या समाजमंदिरात बावीस बायका रंगाचे रिकामे डबे बडवायला लागल्या. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर सगळ्यांनी मिळून वाजवा, जीव हलका होईल.

पूनमचा जीव काही हलका होत नव्हता. ती औषधाला आलीच नव्हती. सासूला आणायचं, शेजारी बसायचं, परत न्यायचं, एवढंच तिचं काम. पण आज तिचं बूड जमिनीला टेकत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते आणि पाचला नर्सिंगचा प्रवेश बंद होणार होता. यादीत तिचं नाव लागलं होतं. नवरा, अमृत, तयार होता. पण त्याच्या तयारीला विचारतो कोण? गावाकडं, मंद्रूपला असल्यापासून या घरातली मोठी गोष्ट देवाला विचारूनच व्हायची, आणि देव बोलायचा तो सासूच्या, केराबाईच्या तोंडून. मेंढरं विकली ती देवाच्या शब्दावर. सोलापुरात बिऱ्हाड केलं तेही त्याच्याच शब्दावर. गेल्या रविवारी केराबाईच्या अंगात बिरोबा आला आणि म्हणाला, "सून उंबऱ्याभाईर जायाची न्हाय." झालं! देवापुढं बोलायची कुणाची टाप?

सव्वातीन. पूनमनं पदराचं टोक पिळून पिळून त्याची पार दोरी केली. काय करू गं बाई? कुणाच्या पाया पडू?

डब्यांचा ठेका चढत गेला. मॅडमना त्यातलं काय ठाऊक! बायकांच्या हातांनी तो थेट जत्रेतल्या ढोलावर नेऊन ठेवला. आता हिच्या अंगात येणार म्हणून सगळ्या चोरून केराबाईकडं बघायला लागल्या. शेजारची पार्वतम्मा तर डबा सोडून हात जोडायच्या बेतात होती. केराबाई मात्र आपली मुकाट वाजवत बसली होती.

साडेतीन. आता नाही तर कधीच नाही.

पूनमनं अंबाडा सोडला आणि ती घुमायला लागली. अंगात काही आलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? "धाड पोरीला!" ती किंचाळली. "शिकू दे! माझा कौल हाय!"

डबे थांबले. मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या, पण पार्वतम्मानं त्यांना हाताला धरून मागं ओढलं. केराबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. सुनेच्या पुढ्यात येऊन बसली. तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली.

"कोन हायस तू?"

मेले, पूनमला वाटलं. चोरी पकडली. पण आता माघार कुठली?

"तुज्या अंगात येतो त्योच हाय मी, केरे!"

सासूला एकेरी! केराबाईचे ओठ जरा हलले. मग तिनं पदर पसरला आणि सुनेपुढं डोकं टेकलं. "चुकी झाली, देवा. आत्ता धाडते."

पुढं सगळं भराभर झालं. केराबाईनं अमृतला फोन लावला. "देवानं कौल फिरवलाय. तिची कागदं घिऊन कालिजात ये. आमी निगालोच." चार वाजता दोघी रिक्षात बसल्या.

रिक्षा धावत होती तरी पूनमला ती उभीच वाटत होती. सासूकडं बघायची हिला छाती नव्हती. सांगून टाकावं का? पाया धरावेत का? तिनं तोंड उघडलं, तोच केराबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि ती कानाशी वाकली.

"पुडच्या येळंला बोलायची येवडी घाई करू नगंस. आदी घुमायचं, समद्यांनी हात जोडस्तवर थांबायचं, मग बोलायचं. अमृतला मेंढरामागनं काडून शाळंत घालायचं म्हनून मी पैल्यांदा घुमले, तवा मी बी अशीच घाई केली हुती."