अर्धा पाहुणा

तरस तंबूच्या तणाव्यापाशी येऊन पडलं, तेव्हा अबू फलाह किटलीत साखर ओतत होता. कुत्रा भुंकला नाही. तो तंबूमागे जाऊन, आपल्याला या प्रकरणातलं काहीच ठाऊक नाही असा चेहरा करून बसला होता.

रस्त्याकडून वाळूवर रक्ताची रेघ आली होती. कुठल्याशा ट्रकने जनावराची कंबर चेपली होती आणि मागचे दोन्ही पाय ओल्या कापडासारखे लोळत होते. मुंडकं, पुढचे पाय आणि अर्धं पोट तंबूच्या मेखांच्या आत. बाकीचं बाहेर.

अबू फलाह तीन हात अंतरावर उकिडवा बसला. पुढच्या डाव्या पंज्याला एक बोट कमी होतं. हा पंजा तो चार वर्षं वाळूतल्या ठशांवरून ओळखत होता. ठसा दिसला की त्या दिवशी एक शेळी कमी. अशा सात. चेहरा मात्र आज पहिल्यांदाच पाहत होता.

"कान बघ केवढे आहेत," तो म्हणाला. "आणि मिशा पिकल्यात. आपल्याच वयाचं दिसतंय गं."

"त्याच्या डोळ्यांत बघू नका," उम्म फलाह चुलीपासून म्हणाली.

तरसाने डोळ्याला डोळा भिडवला की माणूस भुलतो आणि 'बाबा, बाबा' करत त्याच्यामागून गुहेत जातो. मग कपाळ फुटून रक्त आलं तरच शुद्धीवर येतो. हे त्या डोंगरातल्या बदूंच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उम्म फलाहने चुलीजवळचा एक बेताचा दगड निवडून हाताशी घेतला होता. नवऱ्याच्या कपाळावर कुठे मारायचा, तेही ठरवून ठेवलं होतं.

"अगं, जे स्वतःच चालू शकत नाही, त्याच्यामागे मी जाऊ कुठे?"

तेवढ्यात रक्ताच्या रेघेवरून स्वेलिम आला. अबू फलाहचा चुलतभाऊ, टेकडीपलीकडच्या तंबूतला. खांद्याला बंदूक.

"सरका बाजूला, अबू फलाह. एका गोळीचं काम. आणि कपाळावरचे केस मला हवेत. बायकोने मागितलेत, सासूला वश करायला."

"तुझ्या आईला?"

"माझी आई वश व्हायची नाही. तिच्या आईला. म्हणजे माझ्या सासूला."

"वश झाली तर कायमची राहायला येईल. विचार केलायस का?"

स्वेलिमने तो केला नव्हता. पण बंदूक खांद्यावरून उतरवली.

"थांब," अबू फलाह म्हणाला. "ते मेखांच्या आत आहे."

मेखांच्या आत आला तो घरमालकाच्या आसऱ्याला आला. मग तो बापाचा मारेकरी का असेना. तीन दिवस आणि चौथ्याचा तिसरा हिस्सा त्याला कुणी बोट लावायचं नाही. का आलास, असंही विचारायचं नाही.

"तो माणसांचा कायदा आहे," स्वेलिम म्हणाला.

"असेल. पण त्यात तसं म्हटलेलं नाही."

स्वेलिमने वाकून जनावराची नीट पाहणी केली. "बरं, पुढचं अर्धं तुमचा पाहुणा. मागचं अर्धं बाहेर आहे, ते चोर. मी चोराला गोळी घालतो. पाहुणा मेला तर ती त्याची मर्जी."

मुद्दा वाईट नव्हता. अबू फलाहला तो आपल्याला सुचला नाही याचंच थोडं वाईट वाटलं.

"सातवी शेळी माझी होती," उम्म फलाह म्हणाली. "गाभण होती."

अबू फलाहने पाण्याचा वाडगा काठीने हळूच पुढे ढकलला. तरसाने आधी काठी हुंगली, मग वाडगा, मग पाणी. पिऊन झाल्यावर पुढचे दोन पाय वाळूत रोवले आणि सगळं अंग आत ओढलं. वीतभर आलं. तिथेच थांबून धापा टाकू लागलं. आवाज मात्र एकदाही केला नाही.

"कायदा त्यालाही ठाऊक दिसतो," अबू फलाह म्हणाला.

"अजून मांड्या आणि शेपूट बाहेर आहे," म्हणत स्वेलिमने बंदूक उचलली.

अबू फलाह गुडघ्यावर हात ठेवून उठला. कोपऱ्यातली मेख हलवून हलवून उपटली. तंबूचा तो कोपरा बसकन खाली आला. तणाव्याला गुंडाळलेली जादा दोरी त्याने सोडली, तरसाला वळसा घालून शेपटीच्या पलीकडे गेला आणि टाचेने मेख वाळूत दाबली. तंबू एका अंगाला तिरका झाला, पण उभा राहिला.

"बंदूक खांबाला टेकव, स्वेलिम. पाहुण्यासमोर बरं दिसत नाही. आणि वर टेकडीवर जा, तिथे फोन लागतो. त्या जंगली जनावरांच्या डॉक्टरांना सांग, संध्याकाळच्या आत या. पाठ मोडलीय म्हणावं."

स्वेलिम तोंड उघडं टाकून मेखेकडे पाहत राहिला. मग त्याने उम्म फलाहकडे पाहिलं.

"वहिनी, तो दगड आणा. भुललेत हे. हाणा लवकर, नाहीतर बाबा म्हणायला लागतील."

उम्म फलाह दगड घेऊन बाहेर आली. नवऱ्यासमोर उभी राहिली, त्याचे डोळे पाहिले, कपाळ पाहिलं. मग खाली पाहिलं.

"ढिली आहे," ती म्हणाली. ती खाली बसली आणि त्याच दगडाने मेखेवर तीन घाव घातले.

"चौथ्या दिवशी मात्र मी विचारणार," उठताना ती तरसाला म्हणाली. "सातवीचं."