कोंडलेली नोंद

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या जन्मनोंदणी कचेरीतला डेटाबेस सर्व्हर नजीबा सांभाळायची. "त्यावर अँटीव्हायरस नको, तो नोंदींनाच व्हायरस समजेल," असं तिने साहेबांना बजावलं होतं.

"आता तू मला शिकवणार?" म्हणत मोन्सेफसाहेबांनी तो बसवलाच.

रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तो अँटीव्हायरस एकच नोंद व्हायरस समजून कोंडून टाकायचा. ती गाझीची असायची, नजीबाच्या भावाची. सहा वर्षांपूर्वी तो होडीतून इटलीला निघाला आणि पोहोचलाच नाही. नजीबा ती नोंद रोज सोडवायची. सोळाव्या दिवशी ती वैतागली आणि नोंद न सोडवताच घरी जेवायला गेली.

आईने दोनच ताटं मांडली होती.

"गाझीचं कुठंय? रोज मांडतेस ना?"

कुसकुस वाढता वाढता आईने सहज विचारलं, "कोण गं गाझी?"