बर्नाडीनबाईंची अट

"आधी खाऊन घे. मासा थंड झाला की खाण्यात मजा नाही," म्हणत बर्नाडीन याब्लॉन्स्कीबाईंनी कागदी ताटली वेसच्या पुढ्यात सरकवली.

ईस्टरआधीच्या उपवासांतला शुक्रवार. बे सिटीच्या चर्चचा हॉल तळणाच्या वासानं भरला होता. वेस टॉलिव्हर मात्र काट्यानं मासा नुसता चिवडत होता. उद्या लॅन्सिंगला पक्षाच्या राज्य समितीची बैठक. समिती बरोबर मधोमध फुटलेली, आणि निर्णायक मत या बाईंचं.

राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवायला मिशिगनमध्ये जानेवारीत मतदान झालं होतं. पक्षानं नेमलेल्या तारखेआधीच राज्यानं ते उरकलं, म्हणून पक्षाच्या वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांनी ते रद्द करून टाकलं. वेस ज्याचा प्रचार सांभाळत होता त्या सिनेटरनं तर पक्षाची शिस्त म्हणून मतपत्रिकेवरून आपलं नावच काढून घेतलं होतं. त्याच्या प्रतिस्पर्धी गव्हर्नरबाईंनी आपलं नाव तसंच राहू दिलं आणि एकट्याच पळून पहिल्या आल्या. बाकी देशातही त्या थोड्या पुढे होत्या. उद्याच्या बैठकीनं ठरवून जूनमध्ये इथं फेरमतदान झालं तरच सिनेटर तरणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

आणि बर्नाडीनबाई गव्हर्नरबाईंच्या जुन्या मैत्रीण! फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून इथं आल्यापासून वेसनं हेच ऐकलं होतं.

"बाई, इथल्या लोकांचं मत फुकट गेलंय. तुम्हाला पटतं का हे?"

"आहाहा! लोकांचा भारीच कळवळा," बाई हसल्या. "तुझा सिनेटर पुढे असता तर आला असतास माझ्या दारात?"

वेसचे कान तापले. "नसतो आलो," तो म्हणाला.

"चला, एवढं तरी खरं बोललास." बाईंनी त्याच्या माशावर लिंबू पिळलं. "देते मत. पण माझी एक अट आहे."

वेसनं काटा खाली ठेवला.

"आमच्याकडे मतदार मतदान केंद्रावर जाऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागतो, माहितीये ना? पलीकडच्या पक्षाचंही मतदान जानेवारीत त्याच दिवशी झालं, आणि त्यांचा निकाल लागला. आता ती माणसं रिकामी. जूनमध्ये आपल्यात घुसून धुडगूस घालतील. म्हणून जानेवारीत ज्यानं पलीकडच्या पक्षाची मतपत्रिका घेतली, त्याला फेरमतदानात मत नाही. उद्याच्या ठरावात हे हवं."

एवढंच? वेसला हसूच फुटणार होतं. विरोधकांना बाहेर ठेवायचं, यात आपलं काय जातंय? बाई मैत्रिणीसाठी काहीतरी भलतंच मागतील म्हणून तो दिवसभर धास्तावला होता.

"विचारायचं असेल कुणाला तर विचार बाबा. तू इथं नवा."

ते त्याला झोंबलं. "इथले निर्णय मीच घेतो," तो म्हणाला. "मान्य."

मग मात्र त्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी लॅन्सिंगला बाईंनी शब्द पाळला. अटीसकट ठराव एका मतानं पास झाला. गव्हर्नरबाईंचे लोक खुर्च्या ढकलत बाहेर पडले, तेव्हा वेसला अंगातली सगळी भीती एकदम गळून गेल्यासारखं वाटलं. गाडीत बसताच त्यानं डेट्रॉईटच्या कचेरीत फोन लावला. तिथं डेना प्रुइट होती, सिनेटरच्या राज्यभरच्या कार्यकर्त्यांची प्रमुख. जन्म मिशिगनचाच.

"डेना, जिंकलो! जूनमध्ये फेरमतदान!"

पलीकडे टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा.

"अरे, कमाल केलीस! ती बाई वळलीच कशी?"

"काही नाही गं. जानेवारीत पलीकडच्यांची मतपत्रिका घेणाऱ्यांना यात मत नाही, एवढं कबूल केलं."

पलीकडे डेनानं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

"डेना? ऐकतेयस ना?"

"वेस," ती म्हणाली, "जानेवारीत सिनेटरचं नावच नव्हतं रे. घरी बसून मत वाया कशाला घालवायचं, म्हणून आपली सगळी माणसं मीच पलीकडच्या पक्षात मत द्यायला पाठवली होती."