अळणी डबा

“काका, चहा आवडतो की कॉफी?”

“चहा,” काकू म्हणाल्या. “दोन चमचे साखर. चहा म्हणजे ह्यांचा जीव की प्राण.”

थेरपिस्ट बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. उत्तर काकांकडून हवं होतं. हे त्यांनी दोन महिन्यांत इतक्या वेळा सांगितलं होतं की आता सांगायचंही त्राण उरलं नव्हतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काकांचा हात परत आला, पाय बऱ्यापैकी आला, वाचा तेवढी आली नाही. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. खाण्यापिण्याच्या गप्पा काढल्या की भली भली माणसं बोलती होतात, असा बाईंचा अनुभव होता. म्हणून त्या फिरून फिरून तेच विचारायच्या. गोड की तिखट? पातळ की घट्ट? काका तोंड उघडायचे, हनुवटी थरथरायची, आणि तेवढ्यात काकूंचं उत्तर यायचं. त्यात काकूंचा तरी काय दोष! आपला नवरा असा चाचपडताना त्यांना बघवत नसे.

आज शेवटचा दिवस होता. एक शब्द जरी आला असता, तरी पुढचे दोन महिने मिळाले असते. नाही आला, तर उद्यापासून ही खुर्ची दुसऱ्या पेशंटची. मोठ्या डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. ते काही वाईट नव्हते, पण बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती आणि खुर्ची एकच होती.

बाईंनी चित्रांची कार्डं गोळा करून त्यांना रबर लावलं. वेळ थोडा बाकी होता, पण त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. समोरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. काकूंनी पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला. इथून सुटल्यावर तो बस स्टॉपवर बसून खायचा, हे ठरलेलं. दोघी दमल्या होत्या. दमलेली माणसं बोलतात तसं त्या काहीबाही बोलू लागल्या.

बाई म्हणाल्या, आमच्या गावाकडे आंबटाशिवाय घास उतरत नाही. इथे बदली झाल्यापासून जेवल्यासारखंच वाटत नाही. काकूंचं माहेर मिठागरांच्या बाजूचं. तिकडे मीठ कोणी मोजत नाही, मूठ सढळ, असं त्या सांगत होत्या. सासरी आल्या त्या तीच मूठ घेऊन. सासूने नाक मुरडलं, दिराने ताट सरकवलं, पण ह्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. पानात पडेल ते मुकाट्याने खाल्लं. जन्मभर बस चालवली ना, ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी ह्यांनी घरीही लावून घेतली होती, असं काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या. काका भिंतीकडे बघत होते.

मग काकूंचं हसू ओसरलं. रक्तदाबापायी डॉक्टरांनी काकांचं मीठ जवळजवळ बंदच केलं होतं. डब्याचं झाकण उघडायची काकूंना रोज लाज वाटायची.

“अळणी वाढताना हात उचलत नाही हो,” त्या म्हणाल्या. “जन्मभर चवीचं खाल्लं आणि आता आजारपणात हे असलं. ह्यांना बोलता येत असतं ना, तर पहिल्यांदा मीठच मागितलं असतं.”

“नको.”

काकूंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि त्यांचा हात काकूंच्या मांडीवरच्या डब्याकडे आला होता.

“मीठ… नको,” काका म्हणाले. त्यांनी डब्यावर बोट टेकवलं. “हे… बरं.”

बाईंनी टेबलाची कड धरली. दोन महिने त्या ज्या एका शब्दासाठी झिजल्या, तो एकटा आला नव्हता, चार भावंडं घेऊन आला होता. काकूंना आनंदाने रडू यायला हवं होतं. पण आधी आला तो राग.

“आणि आधीचं?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं जेवलात ते?”

काका शब्द शोधू लागले. काकूंनी मध्येच बोलू नये म्हणून बाईंनी हलकेच त्यांच्या मनगटावर हात ठेवला. पण या वेळी त्याची गरज नव्हती. या प्रश्नाचं उत्तर काकूंकडे नव्हतंच.

“खारट,” काका म्हणाले.

काकू डब्याकडे बघत राहिल्या. स्वयंपाक बरा झाला, एवढं ऐकायला लग्नापासून त्यांचे कान आसुसले होते. आज ते ऐकायला मिळालं, तेही या बेचव डब्यासाठी. हसावं की रडावं, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी पदराने डोळे पुसले, आपली खुर्ची उचलली आणि काकांच्या अगदी समोर आणून ठेवली.

“आणि चहा?” त्यांनी भीत भीत विचारलं, आणि ओठ घट्ट मिटून उत्तराची वाट बघत बसल्या.