चार बोटं

लातूर जिल्हा नवा झाला आणि पावसानं दडी मारली, त्या वर्षी आमच्या नरसिंगनं लांब पाठीची जुनी मोटार घेतली. मागच्या खेपेला जीपच्या धक्क्यांनी सुनेचं, सिंधूचं, मूल पोटातच गेलं होतं. "औंदा तिला औशाहून लातूरच्या दवाखान्यात फुलावानी नेतो, माय," म्हणाला.

मागच्या चाकांवर त्यानं स्वतःच्या हातानं स्प्रिंगचे जाड पोलादी पाटे चढवले, चारी ब्रेक नवे बसवले. महादेवाला रोज वाहायचा माझा भरला तांब्या सीटवर ठेवून त्यानं गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. थेंबही सांडला नाही. माझा ऊर भरून आला.

"आता मागच्या चाकावरची, पत्र्याखालची फट मोज," तो म्हणाला. रिकाम्या गाडीत माझी चार बोटं मावली. घरचे बसले, की दोनच.

"पाटे खोटं बोलत न्हाईत. बसल्या माणसाचं वजन सांगतेत!"

निघायच्या सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालून मी शेवटी आले. नरसिंग स्टेअरिंगवर, शेजारी मालक, मागं सिंधू आणि तिची आई गुणाबाई.

"या की इहीणबाई, का गाडीलाबी फेऱ्या घालता?" गुणाबाई हसल्या.

लेकाच्या कामाचं कौतुक म्हणून मी वाकून फटीत बोटं घातली.

चार मावली.

पुन्हा घातली. चारच. काचेआड सिंधू पोटावर हात ठेवून माझ्याकडं पाहत हसत होती.

"बस की, माय."

देवाचं नाव घेऊन मी एक पाय आत ठेवला. माझ्या एकटीच्या भारानं गाडी खाली दबली.