पाठीचं माप

"उंची नका सांगू, पाठ सांगा," ती म्हणाली. "सॅक उंचीवर बसत नाही, पाठीवर बसते."

दाराजवळच्या खुर्चीवरून उठून आलेले म्हातारे गृहस्थ काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. सारा जन्म पोस्टमनची पिशवी त्याच खांद्यावर वागवली, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

"पाठ कशी सांगणार? मुलीसाठी हवीय, आणि मुलगी घरी आहे. तिला कळता कामा नये. उद्या सकाळच्या गाडीने निघतेय डोंगरात. चार महिने!"

"एकटी?"

"एकटीच म्हणायची. बरोबर बरेचजण आहेत म्हणते, पण त्यातला माझ्या ओळखीचा एक नाही."

दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मागे मालक तंबूच्या कापडाच्या घड्या घालत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

"अंगाने कशी आहे मुलगी?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "तुमच्यासारखीच. वयाने निम्मी असेल, पण चण अशीच. तुम्ही जरा पाठ फिरवलीत तर..." ते ओशाळले. "चालेल ना, ताई?"

"चालेल की."

तिने टेप त्यांच्या हातात दिली, पाठ केली आणि मान वाकवून मानेखालचं टोकदार हाड बोटाने दाखवलं. "इथपासून कमरेच्या हाडापर्यंत."

"ताठ उभ्या राहा. ती पण अशीच पोक काढते."

ती ताठ उभी राहिली.

मापाच्या तीन सॅक तिने खाली काढल्या. पहिली त्यांनी एका हाताने उचलली आणि लगेच ठेवून दिली. "रिकामीच एवढी जड? हिच्यात सामान भरायचं, की हिलाच कुणीतरी उचलून न्यायचं?" दुसरीची चेन दोनदा मागे-पुढे केली, ती कोपऱ्यावर अडकली. तिसरीचे पट्टे जिथे सॅकला मिळतात, तिथे त्यांनी अंगठा दाबून पाहिला.

"पट्टा मधेच कधी तुटत नाही," ते म्हणाले. "उसवतो तो इथे."

"इथे दुहेरी शिवण आहे हिला. आणि तळाला जाड कापड."

"हिरव्या रंगात आहे? तिला हिरवा आवडतो."

"नक्की?"

"अहो, माझी मुलगी आहे. मला माहीत नसणार?"

तिने हिरवी काढली. आत वाळूच्या पिशव्या भरल्या, सॅक पाठीवर चढवली आणि आधी कमरपट्टा आवळला, मग खांद्यांवरचे पट्टे. "वजन कमरेने उचलायचं. खांद्यांनी नुसतं सांभाळायचं."

"हे मला नोकरीला लागतानाच कुणी सांगायला हवं होतं." त्यांनी आपला खाली गेलेला खांदा चोळला. "जरा चालून दाखवा."

ती बुटांच्या फळ्यांपर्यंत गेली आणि परत आली.

"टोचतंय कुठे?"

"नाही."

"खरं सांगा हं. ती टोचलं तरी बोलायची नाही. आईवर गेलीय. म्हणजे गेलीय माझ्यावरच, पण घरात असं म्हणायची सोय नाही."

तिला हसू आलं. "भांडण झालंय का?"

"भांडण झालं असतं तर बरं. भांडायला निदान बोलावं लागतं. ती तिकडे सामान बांधतेय, मी इकडे पेपर वाचतोय. पेपर संपला की पुन्हा पहिल्या पानापासून." त्यांनी आवाज खाली आणला. "सांगायचं आहे एवढंच, की नको जाऊस. तेवढं तोंडातून निघत नाही. आणि अडवून तरी कशाला अडवायचं? तिचे दिवस आहेत. मग म्हटलं, निदान पाठीला टोचणार नाही असं काहीतरी द्यावं."

"आज बोलून टाका."

"तुम्ही बोलाल? तुमच्या वडलांशी?"

तिने छातीवरचा पट्टा घट्ट केला आणि मग उगाचच सैल केला. "आमच्याकडे पण गप्प बसायचीच पद्धत आहे."

"मग मला कसले धडे देताय!" ते खदखदून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. तिने काउंटरखालून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून दिली. ते घोट घोट प्यायले.

"घेईल ना हो ती?"

"घेईल."

"नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणणार नाही. मी असते तर घेतली असती."

त्यांचा चेहरा उजळला. तिने वाळूच्या पिशव्या काढल्या, पट्टे त्याच मापावर ठेवले आणि सॅक त्यांच्या हातात दिली. पिल्लाला घ्यावं तशी ती त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

मालक हात झटकत पुढे आले. "तू नीघ आता. घरी आवराआवर असेल."

"सहाला जाते ना."

"आत्ता जा म्हणतोय. आणि उद्या येऊ नकोस."

"उद्या दुपारी येईन. घरी बसून काय करू?"

मालक म्हाताऱ्यांकडे वळले. त्यांचा हात हातात घेऊन, गिऱ्हाइकाचा कुणी धरत नाही इतका वेळ धरून ठेवला, आणि पुन्हा मागे घड्यांकडे गेले.

म्हातारे सॅक घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. बाहेरची येणारी-जाणारी माणसं बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरच्या सॅककडे पाहिलं, दुकानभर नजर फिरवली.

"मी इथे कशाला आलो होतो, ताई?"

ती काउंटरमागून बाहेर आली. त्यांच्या समोर फरशीवर बसली. त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते सोडवून तिने नीट लावलं.

"उद्या सकाळी तुम्हाला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी येईल. मीच बोलावलीय," ती म्हणाली. "पण नका ना जाऊ, बाबा."